क्लाऊडवर आहेत म्हणून लॅपटॉपवरचे फोटो उडवले, आता कुठेच नाहीत!

कोथिंबीरवडी | शनिवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी, एरवी मी पाककृतीत पडीक असते, या विभागात पहिल्यांदाच येतेय आणि तेही रडकुंडीला येऊन.

बाबांच्या डिजिटल कॅमेऱ्यातले २००६ पासूनचे फोटो आणि जुन्या अल्बममधले स्कॅन करून घेतलेले, असं सगळं आईच्या अकाउंटवर क्लाऊडमध्ये ठेवलेलं होतं. तेच अकाउंट माझ्या लॅपटॉपवर, आईच्या टॅबवर आणि नाशिकला दादाच्या लॅपटॉपवर. माझा लॅपटॉप २५६ जीबीचा, सी ड्राइव्ह कायम लाल. दिवाळीत घर आवरून झालं तसं म्हटलं आता हाही पसारा आवरू, फोटोंच्या फोल्डरवर सगळीकडे हिरवी टिक दिसत होती म्हणजे वर चढलेत असं समजून लॅपटॉपवरचं अख्खं फोल्डर शिफ्ट डिलीट केलं, ८० जीबी मोकळे झाले, मी खूश.

आज आईला बाबांच्या वर्षश्राद्धासाठी एक फोटो हवा होता. टॅब उघडला तर काहीच नाही. वेबसाइटवर पण नाही. दादाला विचारलं तर तो म्हणतो माझा तो लॅपटॉप जूनपासून बंदच आहे, चार्जर मोडलाय.

आईला अजून सांगितलेलं नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, मागे आयफोन-अँड्रॉइडच्या धाग्याचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच. काही होऊ शकतं का?

---

डेटा_हमाल | शनिवार, रात्री ११.५८

आधी पाणी प्या. बहुतेक मिळतील.

डिलीट करून नक्की किती दिवस झाले ते मोजा, सगळा खेळ त्यावर आहे. शिफ्ट दाबून उडवलंत तर लॅपटॉपच्या रिसायकल बिनमध्ये काही सापडणार नाही, पण वेबसाइटवरचा ट्रॅश हा वेगळा असतो आणि तिकडे त्या शिफ्टला कोणी विचारत नाही. गूगल ड्राइव्ह ३० दिवस ठेवतं, वनड्राइव्हचं घरगुती खातं ३०, आयक्लाऊड ३०, ड्रॉपबॉक्सचं फुकटवालं ३०. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो असेल तर ६०. तुमचं यातलं कुठलंही असो, ३० धरून चाला.

आता लगेच करायचं ते म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर सिंक (लॅपटॉप आणि क्लाऊड आपोआप जुळवत राहणं) पॉज करा, टॅबचं वायफाय बंद करा, आणि मग दुसऱ्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवरून ब्राउझरमध्ये लॉगिन करून ट्रॅश बघा. ॲपमधून नको, वेबसाइटवरूनच.

आणि दादांना आत्ता, झोपले असतील तर उठवून सांगा की तो बंद लॅपटॉप चालू करायचा नाही!! का ते नंतर सांगतो.

---

खडूस_काका | रविवार, सकाळी ६.१५

आमच्याकडे १९७८ सालचे कृष्णधवल फोटो अजून ट्रंकेत आहेत. त्यांना ना पासवर्ड लागतो ना सिंक. तुमचं चालू द्या.

---

कोथिंबीरवडी | रविवार, सकाळी ७.०५

काका, आमच्याही ट्रंकेत होते, २०१९ च्या पुरात खालच्या मजल्यावर पाणी आलं आणि अल्बम एकमेकांना चिकटले, म्हणून तर उरलेले स्कॅन केले ना.

हमाल, रात्रभर झोप नाही. आज २४ वा दिवस! ट्रॅशमध्ये आहेत!! अकरा हजारांच्या वर फाइली दिसतायत. "सगळे निवडा" करून रिस्टोअर दाबलं तर चक्र फिरत राहिलं अर्धा तास आणि मग "काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा" असं आलं. परत जाऊ नयेत म्हणून पुढे हातच लावला नाही.

---

डेटा_हमाल | रविवार, सकाळी ७.३०

उत्तम. ६ दिवस हातात आहेत म्हणजे भरपूर झाले. एकदम अकरा हजारांना हात घालू नका, ब्राउझर तिथेच मान टाकतो. फोल्डर दिसत असतील तर एकेक फोल्डर घ्या, नसतील तर चारपाचशेच्या घासाने. एक घास झाला की फोटोंच्या ठिकाणी जाऊन खरंच परत आलेत ना ते बघा, मग पुढचा. आकडे कागदावर लिहा, स्क्रीनवरच्या आकड्यावर जाऊ नका, तो उशिरा बदलतो. आणि खात्यात तेवढी जागा शिल्लक आहे ना ते पण बघून घ्या.

सगळे वर परत येईपर्यंत लॅपटॉपचं सिंक चालू करायचं नाही.

आता हे का झालं ते. जुन्या वाड्यात कोठीच्या खोलीला दोनतीन बाजूंनी दारं असायची बघा, स्वयंपाकघरातून एक, माजघरातून एक. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातून तांदळाची कणगी बाहेर काढलीत तर माजघराच्या दारातून डोकावणाऱ्याला ती कशी दिसेल? लॅपटॉप, टॅब, दादांचा लॅपटॉप ही तीन दारं आहेत, तीन कोठ्या नाहीत. हिरवी टिक म्हणजे "इथलं आणि तिथलं जुळलंय" एवढंच, "आता इथलं टाकलं तरी चालेल" असं ती कधीच म्हणत नाही. लॅपटॉपवरची जागा मोकळी करायला बहुतेक ठिकाणी वेगळी सोय आहे, फोल्डरवर राइट क्लिक केलं की "फ्री अप स्पेस" किंवा "ऑनलाइन ओन्ली" असं काहीतरी मिळतं, ते केलं की हिरव्या टिकच्या जागी ढग दिसायला लागतो. म्हणजे नाव इथे आणि माल तिकडे. डिलीट केलं की दोन्ही गेलं.

---

आडवाट | रविवार, सकाळी ९.५०

बाई गं, कोथिंबीरवडी, अगदी पोटात कालवलं वाचून. मिळतायत हे वाचून बरं वाटलं.

हे "जागा मोकळी करा" प्रकरण फोनवर तर अजून भयंकर आहे. सासूबाईंच्या फोनमध्ये जागा संपली म्हणून नणंदेने गॅलरीत बसून एकेक फोटो उडवले, बॅकअप आहे की म्हणे. बॅकअप होता पण गॅलरीचं ॲप आणि बॅकअपचं ॲप एकच होतं! त्याच ॲपच्या मेन्यूत "या डिव्हाइसवरची जागा मोकळी करा" असं स्वतंत्र बटण असतं, ते दाबलं तर फक्त फोनमधली प्रत जाते आणि वरची राहते, आणि फोटो निवडून कचऱ्याचा डबा दाबला की दोन्हीकडून जातो. दिसायला दोन्ही सारखंच, फोटो निवडा आणि काढा. त्या वेळी ट्रॅशमधून मिळाले म्हणून निभावलं.

अवांतर: त्यांची जागा कशाने भरली होती ते बघितलं तर ९ जीबी नुसते सुप्रभात, शुभ गुरुवार आणि पाचपाच मिनिटांचे आरतीचे व्हिडिओ.

---

तात्पुरता | रविवार, सकाळी १०.२०

आडवाट, सुप्रभातने भरलेलं खातं हा राष्ट्रीय प्रश्न आहे. गूगलचे फुकटचे १५ जीबी हे मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून एकत्र आहेत हेच लोकांना माहीत नसतं. १ जून २०२१ च्या आधी थोडे दाबून चढवलेले फोटो त्यात धरत नव्हते, त्यानंतरचे सगळे धरतात. पुढे अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजायला लागले. मग एक दिवस आईचं लाइट बिल मेलवर येत नाही आणि कारण निघतं फोटोत.

बॅकअपच्या सेटिंगमध्ये कुठले फोल्डर घ्यायचे ते ठरवता येतं. कॅमेरा चालू ठेवा, व्हॉट्सॲप इमेजेस बंद करा, निम्मा त्रास तिथेच संपतो. मात्र घरातल्या बारशाचे फोटो कोणी फक्त ग्रुपवरच टाकले असतील तर ते हाताने सेव्ह करावे लागतील हे लक्षात ठेवा. आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत मूळ तारीख राहत नाही, त्यामुळे १९९५ च्या मुंजीचा फोटो मागच्या मंगळवारी काढल्यासारखा दिसतो.

---

जर्सीतला_बंड्या | रविवार, सकाळी ११.०५ (इथे रात्र आहे)

मॅक-आयफोनवाल्यांसाठी माझे दोन आणे. आयफोनच्या फोटोंच्या सेटिंगमध्ये "ऑप्टिमाइझ स्टोरेज" चालू असेल तर जागा कमी पडायला लागली की फोनवर छोटी प्रत राहते, मूळ वर असतं. त्यामुळे केबल लावून फोनमधून फोटो कॉम्प्युटरवर ओढून घेतले म्हणजे सगळे आले असं समजू नका. मूळ फोटो कुठेतरी घरात हवे असतील तर एका मॅकवर "डाउनलोड ओरिजिनल्स" करून तेवढ्या मोठ्या डिस्कवर लायब्ररी ठेवावी लागते.

दुसरं, हा माझा स्वतःचा मूर्खपणा. मॅकवरची फोटो लायब्ररी दिसायला एक फाइल असते पण आत हजारो फाइली आणि एक डेटाबेस असतो. मी हुशारी करून ती अख्खी लायब्ररी उचलून दुसऱ्याच एका सिंकवाल्या फोल्डरमध्ये टाकली, म्हटलं दोनदा बॅकअप होईल. फोटोंचं ॲप त्या डेटाबेसमध्ये लिहितंय आणि त्याच वेळी सिंकवाला अर्धवट लिहिलेलं उचलून वर पाठवतोय, ऑफिसच्या मॅकवर पण तेच उघडं, चार दिवसांत लायब्ररी उघडेना. रिपेअर करून बरंचसं आलं पण अल्बमची सगळी मांडणी गेली, १४ वर्षांची. लाइटरूम या फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगचंही तसंच, दोन मशीनवर एकदम उघडा ठेवून सिंक करायच्या भानगडीत पडू नका.

---

खडूस_काका | रविवार, दुपारी १२.४०

"दोनदा बॅकअप होईल म्हणून" हे वाचून जेवताना ठसका लागला. धन्यवाद.

---

ढेकूळ | रविवार, दुपारी ३.१५

थोडा वेगळा प्रश्न, धागा हायजॅक करत नाहीये. आमच्याकडे ताईचा जुना मॅक आणि माझा विंडोजवाला यांच्यात एक फोल्डर सिंक आहे. त्यात "साताऱ्याचे फोटो" नावाचे दोन फोल्डर दिसतात, नाव अगदी तंतोतंत एकच. एकात २१२ फोटो, दुसऱ्यात ४०. एक उडवला की दुसऱ्या दिवशी हजर. "कोल्हापूरचे फोटो" एकच आहे, "पुण्याचे" एकच आहे. साताऱ्यालाच काय झालंय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

डेटा_हमाल | रविवार, दुपारी ४.००

वा! हा प्रश्न विचारल्याबद्दल तुम्हाला कंदी पेढे. ही भानगड मराठीत जास्त भेटते कारण मुळात हा "ऱ्या" चा घोळ आहे.

साताऱ्या मधला जो अर्धा र आहे (दऱ्या, किनाऱ्यावर, दुसऱ्या, कॅमेऱ्यातले, सगळे तेच) तो कॉम्प्युटरच्या पोटात तीन तऱ्हांनी लिहिला जाऊ शकतो. एक, खाली टिंब असलेला ऱ हे एकच अक्षर, मग हलन्त, मग य. दोन, साधा र, त्याखाली वेगळा नुक्ता (म्हणजे ते टिंब), मग हलन्त, मग य. तीन, साधा र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या (कॉम्प्युटरमध्ये सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची ठरलेली पद्धत) नियमाने पहिले दोन समान धरायचे असतात, तिसरा मात्र वेगळाच.

आता जुन्या मॅकची डिस्क ज्या पद्धतीने नावं ठेवायची, एचएफएस प्लस म्हणतात ती, ती फाइलचं नाव घेतलं की अक्षरं सुटी करून ठेवायची. म्हणजे तुम्ही विंडोजवर ऱ टाइप केलात तर मॅकवर तो र आणि नुक्ता असा सुटा होऊन बसतो. विंडोज असलं काही करत नाही, जे दिलं ते जसंच्या तसं. मधला सिंकवाला हे दोन्ही एकच आहेत हे ओळखणारा असेल तर ठीक, नसेल तर त्याला ही दोन गावं वाटतात. २०१७ पासून नव्या मॅकवर एपीएफएस आलं, ते नाव सुटं करत नाही, पण ताईंचा मॅक जुना म्हणताय त्यामुळे संशय तिथेच. कोल्हापूर आणि पुण्यात तो र नाहीच, म्हणून ते सुटले.

उपाय: दोन्हीकडे सिंक पॉज करा, दोन्ही फोल्डरमधले फोटो सिंकच्या बाहेर एका साध्या फोल्डरमध्ये कॉपी करा (कॉपी, मूव्ह नव्हे), मोजा, मग वेबसाइटवरून दोन्ही साताऱ्यांची नावं बदलून "सातारा १" आणि "सातारा २" करा, आणि मग सिंक चालू करा. पुढे फोल्डरच्या नावात "साताऱ्याचे" ऐवजी "सातारा फोटो" ठेवायचं. भाषेवर अन्याय आहे, मान्य आहे.

---

ढेकूळ | रविवार, दुपारी ४.३५

__/\__ शब्द नाहीत. मी दीड वर्ष ताईवर संशय घेत होतो की ती मुद्दाम परत बनवते.

---

रत्नांग्रीकर | रविवार, संध्याकाळी ६.१०

यात माझी पण भर घाला. घरी एक छोटा सर्व्हर ठेवलाय लिनक्सवाला, त्यावर कॉपी करताना काही फाइली "नाव फार मोठं" म्हणून परत येत होत्या. मोजलं तर अक्षरं शंभराच्या आसपास. तिकडची मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीचं एकेक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं प्रत्येकी ३ बाइट खातं. म्हणजे ८५ च्या पुढे गेलात की संपलं. आमचे वडील फाइलीला नाव देत नाहीत, बातमी लिहितात, "गणपतीपुळ्याला जाताना निवळीच्या घाटात गाडी बंद पडली तेव्हा विजूने काढलेला फोटो (विजू यात नाही)" असं.

आणि विंडोजला नावात प्रश्नचिन्ह, कोलन चालत नाही, मॅकवर प्रश्नचिन्ह चालतं. "हे कोण?" नावाचं फोल्डर मॅकवरून इकडे कधीच आलं नाही. आणि आमच्याकडे जुन्या फोटोंचं सगळ्यात मोठं फोल्डर नेमकं तेच.

---

कोथिंबीरवडी | सोमवार, रात्री १०.२०

अपडेट! काल दुपारपासून चारचारशेच्या घासाने सगळे वर परत आणले. कागदावर ११,२८६, वर पण ११,२८६. आईचा फोटो पण मिळाला (म्हणजे आईला हवा होता तो बाबांचा). हमाल, तुम्ही पुण्यात असाल तर कोथिंबीरवडी पक्की.

पण. "बाबा व्हिडिओ" फोल्डर यात नाही. मग आठवलं, ते मी गणपतीच्या आधीच उडवलं होतं, जागा जास्त खातं म्हणून, त्याच हिरव्या टिकच्या भरवशावर. म्हणजे ३० दिवस कधीच होऊन गेले. ४१ छोटे व्हिडिओ होते, कॅमेऱ्यावर काढलेले, एकेक मिनिटाचे. बाबांचा आवाज फक्त त्यातच आहे.

---

डेटा_हमाल | सोमवार, रात्री १०.३१

दादांचा लॅपटॉप! जूनपासून बंद आहे म्हणालात ना? म्हणजे तुम्ही व्हिडिओ उडवलेत ही बातमी त्याला अजून कळलेलीच नाही. त्याच्या लेखी ते फोल्डर तिथेच आहे. पण नेट मिळाल्याक्षणी त्याला कळेल आणि तो इमानदारीत तेही उडवेल. म्हणून पहिल्या दिवशी चालू करू नका म्हटलं होतं.

दादांना सांगा, आधी घरातला राऊटर बंद करायचा, स्विचवरूनच. फोनचा हॉटस्पॉट पण बंद, लॅपटॉप त्याला आपणहून जोडला जातो. मग लॅपटॉप चालू करून पहिलं काम एअरप्लेन मोड. मग त्या व्हिडिओंवर टिक आहे का ढग आहे ते बघायचं. ढग असेल तर नुसतं नाव आहे, आत काही नाही. खात्री करायला राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे "साइज" आणि "साइज ऑन डिस्क" असे दोन आकडे असतात, दुसरा शून्य असेल तर माल तिथे नाही. जे खरे असतील ते पेन ड्राइव्हवर कॉपी करायचे, तो काढून कपाटात ठेवायचा, आणि मगच राऊटर.

---

आडवाट | सोमवार, रात्री १०.४५

श्वास रोखून बसलेय. चार्जर मोडलाय म्हणालीस ना त्याचा?

---

कोथिंबीरवडी | सोमवार, रात्री १०.५०

उद्या सकाळी दुकान उघडलं की घेतोय. वहिनीने राऊटरवर "हात लावू नये" अशी चिठ्ठी चिकटवलीय, मुलांचा ऑनलाइन क्लास गेला तेल लावत.

---

जर्सीतला_बंड्या | मंगळवार, पहाटे ४.३०

तोवर बाकीच्यांसाठी. क्लाऊडवरून सगळं उतरवून घरी एक प्रत ठेवायची असेल तर गूगलवाल्यांना टेकआऊट आहे. झिप फाइली येतात, आकार निवडताना २ जीबीचा ठेवलात तर पन्नास-साठ तुकडे उतरवत बसाल, मोठा घ्या, ५० जीबीपर्यंत मिळतो. आणि ॲपमध्ये तुम्ही तारीख बदललेली असेल (स्कॅन केलेल्यांची बदलतोच आपण) तर ती फोटोच्या आत येत नाही, शेजारी जेसन नावाची छोटी फाइल येते तिच्यात असते. कचरा म्हणून त्या उडवू नका, तारखा परत बसवायला त्याच लागतात.

कोणी विचारायच्या आत अपलोडचा हिशेब पण देतो. २०० जीबी आणि अपलोडचा स्पीड १० एमबीपीएस असेल तर न थांबता ४४-४५ तास. लाइट गेली, लॅपटॉप झोपला, अँड्रॉइडने बॅटरी वाचवायला ॲप मारलं, हे सगळं धरून आठवडा समजा. मधेच "सिंक अडकलंय" म्हणून अकाउंट काढून परत जोडू नका, तो सगळं पहिल्यापासून तपासत बसतो.

---

खडूस_काका | मंगळवार, सकाळी ८.००

एक विचारायचं होतं. माझ्याकडे एक बाहेरची हार्ड डिस्क आहे, २०१३ ची. कालपासून टक टक असा आवाज करते आणि दिसत नाही. त्यात नातवंडांचं सगळं आहे. धाग्याशी संबंध नाही, पण हमाल इथे आहेत म्हणून.

---

डेटा_हमाल | मंगळवार, सकाळी ८.१०

काका, लगेच काढून ठेवा, परत लावून बघू नका. फ्रीजमध्ये ठेवा वगैरे कोणी सांगेल, ते अजिबात करू नका. टक टक म्हणजे आतला वाचणारा हात अडकतोय, जितक्या वेळा लावाल तितकं खरवडेल. डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यावी लागेल, स्वस्त नाही. दुसरी प्रत कुठे आहे का?

---

खडूस_काका | मंगळवार, सकाळी ८.१४

सून म्हणते तिच्या फोनवरून आपोआप क्लाऊडवर जातात.

(कोणी काही बोलू नये.)

---

कोथिंबीरवडी | मंगळवार, दुपारी १.२५

३८!!! ४१ पैकी ३८ खरे निघाले. बाकी ३ वर ढग आहे, साइज ऑन डिस्क शून्य. दादाने पूर्वी त्या फोल्डरला "कायम या डिव्हाइसवर ठेवा" केलं होतं, ते ३ बहुतेक पूर्ण उतरायच्या आतच लॅपटॉप बंद पडला असावा. पेन ड्राइव्हवर घेतले, मग दादाने अजून एका पेन ड्राइव्हवर घेतले, मग वहिनीने तिच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला तिसऱ्यावर. राऊटर अजून बंदच आहे, चालू करायला कोणी धजावत नाहीये.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आवाज लाव. एका व्हिडिओत बाबा नुसतं "अगं हे चालू आहे का, लाल दिवा लागलाय का" एवढंच विचारतायत, ४० सेकंद. तोच तीनदा लावला.

हमाल, त्या ३ फाइलींची नावं आहेत अजून, एकाचं नाव "दुसऱ्या दिवशी पन्हाळा". वेबसाइटवर सर्च केलं तर काही येत नाही. तुम्ही ढेकूळना सांगितलंत ते ऱ्या चं इथे पण असेल का? मी तीन तऱ्हांनी टाइप करून बघणार आहे पण ते न दिसणारं जोडचिन्ह टाइप कसं करायचं?

---

डेटा_हमाल | मंगळवार, दुपारी १.४०

फार आशा नको, पण बघा. ऱ्या टाइप करूच नका, नुसतं "पन्हाळा" शोधा.